गेटवर येऊ नये

पुणे, २ जून

हौसाआत्या,

इथूनच पाया पडते. वाकलेलं दिसणार नाही, पण वाकले आहे, शपथ.

बाबा म्हणाले, "हौसाला फोन करू नको. तिला ऐकू येत न्हाय, मग तुझा आवाज चढतो, नि शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलंय." म्हणून पत्र. कॉलेजसाठी तुझ्याकडे पडघ्याला राहत होते तेव्हा आपण एकाच घरात चिठ्ठ्या लिहून भांडायचो, तशी सवय आहेच. "उद्या डब्यात भेंडी नको" ही चिठ्ठी मी भाकरीच्या टोपलीत ठेवली होती आणि तू तिच्यामागे "मग उपाशी जा" लिहून परत ठेवली होतीस.

तर नोकरी लागली. सध्या कच्ची आहे, चांगलं काम केलं की पक्की करतात. कामाचं नाव टेस्टिंग. कोणीतरी सॉफ्टवेअर बनवतो आणि मी ते मोडायला बसते. पगार मोडण्याचाच. मोबाइल नंबर दहा आकडी हवा असेल तर मी नऊच आकडे टाकते, नावाच्या जागी आकडे घालते, जन्मतारीख पुढच्या वर्षाची देते. त्यानं गुमान घेतलं की चूक सापडली. चुकीला आम्ही बग म्हणतो. काय करून बघायचं आणि त्यावर काय व्हायला हवं हे आधी लिहून काढायचं, ती टेस्ट केस. तसंच झालं तर पास, नाही तर फेल. आणि बग सापडला की त्याला दोन खुणा लावायच्या. मोडतोड किती मोठी, ती सिव्हिरिटी. दुरुस्तीची घाई किती, ती प्रायॉरिटी. मालकाचं नाव पहिल्याच पानावर चुकलं तर मोडत काहीच नाही, पण सगळे हातातली कामं टाकून आधी ते नीट करतात. मालक तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलेस, तुला पटेल.

गंमत म्हणजे काम तुमच्याच गोडाऊनच्या ठेकेदाराचं आहे. शिफ्ट, रजा, हजेरी, सगळ्याचे आता फोनवर मेसेज येणार. तिथं खरं काय काय चालतं ते लिही. माहिती असली की खोड्या चांगल्या काढता येतात.

तुझी मृणू


पडघा, १२ जून

मृणू,

सुखी राहा. पत्र मीच वाचलं, चष्म्याशिवाय निम्मं आणि चष्म्यानं सगळं.

तुझं काम ऐकून बरं वाटलं. माझंही तेच आहे गं. आमच्या टेबलावर लोकांनी परत पाठवलेले कुर्ते, साड्या येतात. घातलेलं की न घातलेलं, कुठं डाग, कुठं शिवण उसवली, पावडरीचा वास येतो का, हे बघायचं. चांगलं ते डावीकडे, वाईट ते उजवीकडे. तू एसीत चुका काढतेस, मी पत्र्याखाली.

बाकी खरं काय चालतं ते विचारतेस म्हणून एक सांगते. आपल्या दोघींतच ठेव. भरतीच्या वेळी तिथली बाई विचारत होती, नीट दिसतं का, नीट ऐकू येतं का. मी तिच्या ओठांकडे बघून दोन्हीला हो म्हटलं. लूमच्या कारखान्यातल्या खडखडाटात कांड्या भरता भरता माझे कान गेले हे तिला सांगितलं असतं तर मी आजही घरीच असते. आमचा सुपरवायझर भाविक सगळं माइकवर पुकारतो. माझ्या शेजारची रुचिका माझ्या खांद्यावर थाप मारते. एक थाप म्हणजे जेवायची सुट्टी, दोन म्हणजे मला बोलावलंय. ट्रक मागे घेत असले की ती माझा पदर ओढते. ती रजेवर असली की माझा जीव टांगणीला. हे वर कळलं तर मला गेटबाहेर उभं करतील. या वयात कोण दुसरं काम देणार?

भेंडीची चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे.

आत्या


पुणे, २४ जून

आत्या,

तुझी गोष्ट पोटात ठेवली आहे. पण एक केलं, रागावू नकोस. काल मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, गोडाऊनमध्ये सगळं माइकवर पुकारतात, ज्याला ऐकू येत नाही त्यानं काय करायचं? त्याचा फोन थरथरायला हवा. तुझं नाव घेतलं नाही. आमचे टीम लीड विपुल सर म्हणाले, व्वा, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. मी शहाण्यासारखी मान हलवून खाली बसले.

आज दुपारभर मात्र वेगळंच काम. काम बंद झाल्याचा मेसेज तपासायचा होता. म्हणजे मी बसून एकेकाला कामावरून काढत होते! नाव कोणाचं घालायचं ते माझ्या हातात, कारण कुठलं द्यायचं तेही माझ्याच हातात. एक बटण दाबलं की गेला माणूस. मोठ्या साहेबांना मजा वाटत असेल तर नवल नाही, मला पण वाटली. कोणाकोणाला काढलं ते भेटल्यावर सांगते, तुला हसू आवरणार नाही.

मृणू


पडघा, ४ जुलै

चि. मृणाली,

पत्र पोचलं.

तू तुझी ड्युटी केलीस. त्यात वावगं काही नाही. ज्याचं खावं त्याचं काम चोख करावं, हे मीच तुला सांगत आले. मी तुला गप्प बस म्हणून लिहिलं, ते लिहायला नको होतं. स्वतःचं खोटं लहान पोरीच्या पदरात बांधलं. त्याची मला लाज वाटते. माझा राग नाही, एवढं सांगायला लिहिते.

पाऊस बरा आहे. खालच्या आळीतल्या लोकांच्या शेतावर भाताच्या आवणीला जाते. कंबर धरते, पण चिखलात माइक नसतो.

रुचिका दारावर येऊन गेली म्हणे. मला ऐकू आलं नाही.

उत्तराची घाई करू नकोस. तुला कामं असतील.

हौसा


पुणे, १३ जुलै

अगं आत्या,

किती मनाला लावून घेतेस! मीटिंगमध्ये नाव कुठं घेतलं होतं मी? आणि हे "चि. मृणाली" काय? खाली सही "हौसा"? मी काय तुझी ठेकेदार आहे? पुन्हा असं लिहिलंस तर तुझीच चिठ्ठी तुझ्याच टोपलीत ठेवीन.

आवणीसाठी रजा घेतलीस ते बरं केलंस, जरा हवापालट. पण कंबर सांभाळ.

आमचं सॉफ्टवेअर परवा लाइव्ह झालं, म्हणजे खऱ्या माणसांच्या हातात गेलं. माझ्या भागात एकही बग निघाला नाही. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. माझी पद्धतच तशी आहे. बनवणारा येऊन "झालं दुरुस्त" म्हणाला तरी मी मानत नाही. जिथं फेल झालं होतं तिथंच पुन्हा जाऊन तेच करून बघते, याला रीटेस्ट म्हणतात, आणि मगच बग बंद करते. ऑफिसात मला आता खडूस म्हणतात. तुझ्यावर गेले.

मृणू


पुणे, १० ऑगस्ट

आत्या,

तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं आवणीत दमली असेल. का दिलं नाहीस ते आज कळलं.

दुपारी बाबांचा फोन आला होता. हसत हसत म्हणाले, "अगं, ते तुमचे गोडाऊनवाले मला कामावरून काढतात! जूनमधी मेसेज आला. पंढरी, तपासणीत दोष आढळला, तुमचं काम बंद, गेटवर येऊ नये. मी आख्ख्या गावाला दाखवला. म्हशीला म्हटलं, आजपासून तुझी तू धार काढ." मीही हसले. खूप हसले. आणि हसता हसता जूनमधली ती दुपार आठवली.

त्या दिवशी मी चार माणसांना कामावरून काढलं होतं. बाबा, मोरूकाका, मी स्वतः आणि तू. ऑफिसनं तपासणीसाठी बनावट नावं आणि बनावट नंबर दिलेले असतात, खऱ्या माणसाचा नंबर कधीही टाकायचा नाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मला ती नावं नीरस वाटली. घरची नावं टाकली तर काम करताना मजा येते, म्हणून टाकली. तुझा नंबर मला तोंडपाठ, हात आपोआप गेला. कारणांमधलं पहिलंच कारण निवडलं, तपासणीत दोष. एरवी आमच्याकडून मेसेज बाहेर जातच नाहीत, ती वाट बंद असते. मराठी अक्षरं फोनवर नीट दिसतात का हे बघायला मी ती वाट माझ्या फोनसाठी उघडली आणि बंद करायची विसरले. माझा फोन वाजला, मी खूश झाले, पास लिहिलं. बाकीचे तीन फोन कुठं वाजले असतील हे माझ्या मनातही आलं नाही.

मोरूकाकांचा नंबर बंद पडलेला. बाबा गोडाऊनला कधी गेलेच नाहीत, त्यांना तो विनोद वाटला. खरोखर तिथं कामाला होतीस ती एकटी तू.

मग तुझं जुलैचं पत्र काढून पुन्हा वाचलं. "तू तुझी ड्युटी केलीस." तुझ्या कानांचं मी वर सांगितलं आणि तुला काढायला लावलं, असं तुला वाटलं ना? आणि त्यावर तू मला लिहिलंस, माझा राग नाही. मी त्या पत्राला गमतीचं उत्तर पाठवलं. टाळ्यांचं लिहिलं. आत्या, मला कुठं तोंड लपवू असं झालं आहे.

सगळ्यात वाईट हे, की तू दुसऱ्या दिवशी गेटवर गेली असतीस तर तुझं कार्ड चाललं असतं. तिथं तुझं नाव कोणी हलवलंच नव्हतं. मी भाविकना फोन केला तर म्हणाले, "आवणीला गेल्या असतील. बाया दरवर्षी न सांगता जातात, आम्ही पण इचारत न्हाय, पंधरा दिवसांनी नाव कमी करतो."

विपुल सरांना सांगितलं. ते म्हणाले, चार मेसेज गेले, तक्रार एकाचीही नाही, सिव्हिरिटी कमी. ठेकेदाराला कळवलं तर तुझी नोकरी पक्की व्हायची राहील. भाविकना सांगून बाईंचं नाव गुपचूप परत घालू, विषय संपला. मी हो म्हटलं. आत्या, मी हो म्हटलं.

नाव घातलं आहे. सोमवारपासून जा. कोणी काही विचारणार नाही.

मृणू


पडघा, १८ ऑगस्ट

मृणू,

पत्र वाचून आधी रडले. मग पंढरीच्या म्हशीवर हसले. मग राग आला, तो अजून आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

मी सोमवारी गेले नाही. जाणारही नाही. कोणी काही विचारणार नाही म्हणतेस, तेच मला नको. बाया विचारत नसतात गं, बोलत असतात. काहीतरी केलं म्हणून काढली, कोणाच्या तरी वशिल्यानं परत घेतली. उन्हाळ्यात मी नळावर सगळ्यांना सांगून बसले होते की माझ्या टेबलावरून डागाचा कपडा कधी पुढं जात नाही. त्याच नळावर हे दोन महिने मी सगळ्यांचं पाणी भरून झालं की जाते. रुचिका आली तेव्हा मला ऐकू आलं नाही असं मी लिहिलं होतं. मी खिडकीतून बघत होते. ती बराच वेळ कडी वाजवत उभी होती. काय सांगू तिला, माझ्यात दोष निघाला म्हणून हाकललं? बहिरेपणाचा असाही उपयोग होतो, बाई.

गेटवर येऊ नये असं मला सांगितलं, तर ते खोटं होतं हेही गेटवरच सांगितलं पाहिजे. मागल्या दारानं मी घुसणार नाही. तुझी नोकरी पक्की होणार की जाणार ते मला माहीत नाही. ती जावी असं मला वाटतं का? नाही. तरी पण.

आता माझी लाज ऐक. काम गेलं त्याचं दुःख होतंच, पण तू केलंस हे मी एका क्षणात खरं धरलं. माझ्या घरात राहिलेली पोर, तिला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर एका पत्रात मिटलं असतं.

भाविक परवा बाजारात भेटला. धीर करून सांगितलं, मला ऐकू येत न्हाय, मी भरतीला खोटं बोलले. तो म्हणाला, "मावशी, हे सगळ्या खात्याला म्हायती हाय. म्हणून तर रुचिकाला तुमच्या बाजूला ठेवलीय." एवढे दिवस मी चोरासारखी वागत होते, आणि सगळे मला बघत होते.

आत्या


पडघा, ८ सप्टेंबर

मृणू,

कळवलंस तशी तू गेटवर आलीस आणि गेलीसही. शिफ्ट आत घ्यायची घाई, तुझ्या सरांची गाडी सुरूच, नीट भेटणंही झालं नाही. वाळली आहेस. जेवतेस का?

मी मागे उभी होते. पुढं तुझे ते उंच सर, त्यांच्या बाजूला ठेकेदार, त्यामुळे तुझे ओठ दिसेनात. तू काय बोललीस त्यातलं अक्षर मला ऐकू आलं नाही. नुसत्या बायांच्या पाठी दिसत होत्या. मग पुढच्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला, आणि रुचिकानं माझ्या खांद्यावर थापांवर थापा मारल्या, आमच्या ठरावात नसलेल्या. त्यावरून समजले की झालं. त्याच दिवशी माझ्या टेबलापाशी उभी राहिले. पहिल्याच साडीला हळदीचा डाग निघाला, उजवीकडे टाकली, बरं वाटलं.

जेवायच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं, ती बोलली ना, ती माझी भाची. माझ्याकडे राहून शिकली. रुचिका म्हणाली, "पण तिनं तर आत्या म्हणून हाक न्हाय मारली." मी म्हटलं, मारली असेल गं, मला कुठं ऐकू येतं.

सगळ्यांनी ऐकलं, ज्यासाठी बोललीस तिनंच ऐकलं नाही. तेव्हा काय बोललीस ते जसंच्या तसं लिहून पाठव. भेंडीच्या चिठ्ठीसोबत ठेवीन.

नोकरीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

आत्या


पुणे, १५ सप्टेंबर

आत्या,

नोकरी आहे, कच्चीच. आणखी काही महिने बघणार म्हणतात. ठेकेदार सरांवर ओरडले, सर माझ्यावर. ते होऊ दे.

तू जसंच्या तसं मागितलंस. हे ते:

"नमस्कार. मी मृणाली, सॉफ्टवेअर कंपनीतून आले आहे. जून महिन्यात आपल्यापैकी एका महिला कामगारांना काम बंद झाल्याचा मेसेज गेला. तो खोटा होता. तो माझ्या चुकीमुळे गेला. मी तपासणी करताना त्यांचं खरं नाव आणि खरा नंबर वापरला, तसं करायला मनाई असताना. हौसाबाई भोईर यांच्या कामात कोणताही दोष आढळला नव्हता. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते."

एवढंच. यात कुठं आत्या आहे का बघ.

रुचिका खरं सांगते. मी हाक मारली नाही. तू म्हणतेस मारली असेल, पण तुझ्या त्या न ऐकू येण्याची मला आता ओळख झाली आहे. सरांनी मला तसं काही बजावलं नव्हतं, त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. बोलायच्या आधी मी तुला पाहिलं होतं. तू मागे टाचा उंचावून उभी होतीस, पावसानं भिजलेल्या पदरानं चष्मा पुसत. माझ्या गळ्यात ऑफिसचं कार्ड होतं. आत्या हा शब्द तोंडाशी आला, आणि मला वाटलं, चूक कबूल केली तेवढी पुरे, सरांना आणि ठेकेदाराला हे आणखी कशाला कळायला हवं. म्हणून "महिला कामगार". आणि त्याच दुपारी तू ताठ मानेनं सांगत होतीस, ती माझी भाची.

मेसेज चुकून गेला होता. हे चुकून झालं नाही.

शनिवारी येते, एकटी. घरी नाही, आधी गेटवर, सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळी. जिथं फेल झालं तिथंच पुन्हा जाऊन बघायचं असतं. सगळ्या बाया बाहेर पडत असतील तेव्हा मी बेंबीच्या देठापासून हाक मारणार आहे. शेजारच्या गोडाऊनला ऐकू जाईल, तुला जाणार नाही.

रुचिकाला सांगून ठेव, थाप मारायला.

तुझी मृणू